सातवी शिंक

९ जानेवारी

आज लाइट गेले म्हणून अब्रू वाचली.

पहिल्यापासून लिहिते. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि पोटात ठेवून ठेवून आता मला राहवतही नाही.

आमच्या नाटकात मी मोलकरीण. दुसऱ्या अंकात मी कपाटात लपते, मालक फुलांचा भला मोठा गुच्छ आणून नेमका कपाटाला टेकवून ठेवतो, आणि मला फुलांचं वावडं. मग सात शिंका. पहिली मांजरीच्या पिल्लाएवढी, मग चढत चढत सातवी अशी की कपाटाची दारं धाडकन उघडतात, मालकाच्या डोक्यावरचा टोप उडतो आणि मी प्रेक्षकांसमोर आ वासून उभी. टोप विंगेतून माझा नवरा दोऱ्याने ओढतो, पण टाळ्या मला पडतात. नवराच दिग्दर्शक आहे. घरी तोच, कामावर तोच. राजीनामा द्यायचा झाला तर कुणाच्या हातात द्यावा हा प्रश्नच आहे.

शिंका मी घशातून काढत नाही. घशातली शिंक शेवटच्या रांगेला लगेच कळते. मी पोटातून काढते, अगदी बेंबीच्या खालून, आणि तिथेच सगळी गोची आहे. गेली काही वर्षं शिंकले, खोकले, काही जड उचललं की लघवी होते. आधी थेंबभर व्हायची. मग पॅड लावायला लागले. आज पॅडनेही हात टेकले. पाचव्या शिंकेला कळलं, सहाव्या शिंकेला पोटऱ्यांपर्यंत ओघळ. अंगात फिकट पिवळा झगा! आता सातवी घ्यायची, दारं उघडायची आणि भरलेल्या थिएटरसमोर उभं राहायचं. श्वास भरला आणि तेवढ्यात ठप्प. सगळीकडे काळोख. कपाटाला मागची बाजू नाहीच, तिथूनच मी आतबाहेर करते. तशीच मागच्या मागे पळाले.

लाइट आले तोवर मी कपडे बदलून, अंधारात पाण्याची बादली लवंडली म्हणून सांगून मोकळी झाले होते. बाहेर नवरा प्रकाशवाल्याला सगळ्यांदेखत झापत होता. या प्रकाशवाल्याला आम्ही फ्यूज म्हणतो, इतकी वर्षं झाली की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतंय का, कोण जाणे. "एवढ्या वर्षांत कधी झालं होतं असं? लक्ष कुठे असतं तुझं?" नवरा ओरडत होता आणि फ्यूज बिचारा खाली मान घालून ऐकत होता. मला त्याची फार दया आली. पण मनातल्या मनात मी त्याच्या पाया पडत होते.

१२ जानेवारी

औषधाच्या दुकानात पॅडचा मोठा पुडा मागितला. दुकानदार म्हणाला, "आजींसाठी का?" मी म्हटलं, "हो." आजी घरी पोहोचल्या आणि स्वतःच रडल्या.

आईची आठवण आली. पन्नाशीनंतर तिने बाहेर जाणंच सोडलं. लग्न नाही, कार्य नाही, मुलीचं नाटकसुद्धा नाही. गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे ठणठणीत होते. हसायला आलं की पाय जुळवून बसायची आणि तोंडावर हात धरायची. मला वाटायचं, तिला दात दिसलेले आवडत नसतील.

मला नाही घरात बसायचं. माझ्याकडे रूप नव्हतंच, गळाही बेताचा. माझ्याकडे ती एक शिंक आहे. ती गेली की मी गेले.

२१ जानेवारी

नवीन झगा आला. गडद निळा, वर बटबटीत मोठी फुलं, आतून जाड अस्तर. नवरा म्हणाला, पिवळा आता जुनाट दिसतो. मी म्हटलं, फुलांचं वावडं असलेली बाई फुलाफुलांचा झगा घालेल का? तर म्हणे, त्यातच गंमत आहे. यात कसली डोंबलाची गंमत? पंधरा वर्षं पिवळा चालला तो! पण झगा बरा आहे, काही दिसणार नाही त्यात. देवाची कृपा म्हणायची.

६ फेब्रुवारी

दौऱ्यावरून परत आलो. बसमध्ये नवऱ्याने वीट आणला. दर तासाभराने "गाडी थांबवा, मला चहा घ्यायचाय." याला चहाने पित्त होतं, घरी कपाला शिवत नाही. मी आपली प्रत्येक थांब्यावर उतरून जाऊन यायचे, माझं बरंच झालं. पण शेवटी त्याला म्हटलं, "साखर तपासून घे तुझी. एवढी तहान बरी नव्हे." नुसता हसला.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्याच्या वडिलांना साखर होती.

११ फेब्रुवारी

शेवटी गेले डॉक्टरबाईंकडे. घरी दातांचं सांगून.

बाई साध्या आहेत, घाई करत नाहीत. कधी होते, किती होते, बाळंतपणं कशी झाली, बद्धकोष्ठ आहे का, सगळं विचारलं. मग टेबलावर झोपवून म्हणाल्या, जोरात खोका. मी म्हटलं, खोकला मला चांगला जमत नाही, शिंक चालेल का? आणि आपली चौथ्या नंबरची दिली. बाहेरून नर्स धावत आली. डॉक्टरबाईंनी भिजलेला हातमोजा काढून टोपलीत टाकला आणि म्हणाल्या, "झालं निदान."

मग हसता हसता माझा बांध फुटला. बाईंनी रुमाल दिला आणि माझं रडून होऊ दिलं. नंतर म्हणाल्या, "लघवीच्या पिशवीच्या तोंडाला खालून आधार देणारे स्नायू आणि पडदे सैल झालेत. पोटावर जोर आला की तोंड नीट मिटत नाही. तुमच्यासारख्या कितीतरी बायका येतात. न येणाऱ्या त्याहून जास्त." मी म्हटलं, लगेच ऑपरेशन करा, तर म्हणाल्या, "आधी तीन महिने व्यायाम. पुष्कळ जणींचं त्यावरच भागतं."

तीन महिने! इथे आठवड्याला तीन प्रयोग आहेत.

२४ फेब्रुवारी

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझी हजेरीच घेतली. मी घरी फोनवर बघून करत होते ते सगळं उलटं. आत ओढायचं तर मी बाहेर ढकलत होते, आणि वर श्वास कोंडून. म्हणाल्या, वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवायची आहेत असं समजून आवळा, वर उचला, आणि तोंडाने गप्पा मारत राहा. शिंकायच्या आधी आवळून धरायची एक सवयही शिकवली. घरी आमटी ढवळताना करते, बसमध्ये करते. परवा नवरा म्हणाला, "कसला विचार करतेयस? चेहरा काय गंभीर!" म्हटलं, तुझ्या नाटकाचा.

१५ मार्च

दुसरा अंक फोडला! मध्यंतर आता कपाटाच्या प्रवेशाच्या अगदी आधी. म्हणे उत्कंठा वाढते. पाव तास मी मोकळी, जाऊन येते, पॅड बदलते, ते ठीक. पण कुणालाही न विचारता?

आणि आज सगळ्यांत वाईट. नव्या मुलीला, जी शेजारणीचं काम करते, तिला त्याने माझ्या भूमिकेची संहिता दिली. "पाठ करून ठेव." मी समोर उभी होते. नवी चांगली आहे, आठ महिन्यांचं बाळ आईकडे टाकून तालमीला येते, गोड हसते. पण तरुण आहे. आणि तिला पिवळा झगा छान दिसेल.

 

३० मार्च

अंगाचा नुसता तिळपापड झालाय. सात शिंकांच्या तीन केल्या.

तालमीत सहज सांगावं तसं म्हणाला, "अंक लांबतोय. तीन पुरे. आणि पहिल्या अंकातली तुझी स्टुलावरची उडी नवी मारेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मग कपाटच काढून टाका ना! माझ्यासकट!" तो माझ्या नजरेला नजर देईना. एकत्र संसाराला एवढी वर्षं झाली, मला त्याची खोटं बोलतानाची मान ओळखता येते. डावीकडे वळते. आज पार खांद्याला लागली होती.

संध्याकाळी प्रयोगात तीन शिंका दिल्या. कोरड्या पार पडल्या, व्यायामाने थोडा फरक आहेच. पण लोक हसले ते नेहमीच्या निम्म्याने. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून!" ते काळजाला लागलं.

सगळा राग निघाला फ्यूजवर. लाइट आवरत होता, त्याला म्हटलं, "तुमच्यापायी सगळं झालं. त्या दिवशी तुमचे लाइट गेले आणि तेव्हापासून याच्या डोक्यात कात्री शिरली." फ्यूजने वायर गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, माझं टेबल तिकडे मागे, प्रेक्षकांच्या डोक्यावर. मेन स्विच इकडे विंगेत आहे." म्हटलं, मग? म्हणाला, "मग काही नाही. जपून जा, पायरी फुटलीय."

म्हातारा चळला आहे. चूक आपली आणि दोष स्विचला.

१२ मे

तीन महिने झाले. निम्म्याने कमी झालं. साधा खोकला, पिशव्या उचलणं, आता भागतं. शिंका चारच्या पुढे नेल्या की पुन्हा तेच. डॉक्टरबाईंनी आणखी तपासण्या केल्या. लघवी भरताना पिशवीवर किती दाब येतो, नंतर आत किती उरते, सगळं मोजलं. मग समोर बसवून म्हणाल्या, "आता निवड तुमची. मी फक्त सांगते."

एक म्हणजे कृत्रिम जाळीची बारीक पट्टी, मूत्रमार्गाखाली झोळीसारखी. काम लहान, घरी लवकर. पण जाळी कायमची आत राहते. काही बायकांना ती टोचते, दुखते, कुठे बाहेर डोकावते, आणि काढायची म्हटली तर सगळी निघेलच असं नाही. तिच्यामुळे काही ठिकाणी फार त्रास झाले, म्हणून काही देशांत ती आता सर्रास वापरत नाहीत.

दुसरी, पोटाच्या आतल्या मजबूत पडद्याची आपलीच एक पट्टी काढून तिची झोळी. ऑपरेशन मोठं, पोटावर काप, सुधारायला जास्त दिवस, आणि सुरुवातीला लघवी अडकू शकते.

तिसरं, पिशवीच्या तोंडाजवळचा भाग टाके घालून वर उचलून धरायचा. त्याचाही उपयोग चांगला होतो, पण पुढे कधीतरी योनीच्या मागच्या भिंतीचा भाग खाली उतरण्याची शक्यता असते.

चौथं, मूत्रमार्गाच्या भोवती इंजेक्शनने भर घालायची. सोपं, पण गुण कमी, आणि पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

"आणि काहीच केलं नाही तर?" मी विचारलं.

"तर काही नाही. यात जीव जात नाही. पॅड आहेत, आत बसवायची रिंग आहे, व्यायाम आहेत. कितीतरी बायका त्यावर सुखात राहतात."

"माझी सातवी शिंक परत येईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बहुतेकींना पुष्कळ फरक पडतो. पण हमी मी देत नाही. आणि वर्षांनी थोडं परत सुरूही होऊ शकतं."

आवडल्या मला. नाटकाचा ठेकेदारही इतकं खरं बोलत नाही.

१९ मे

आठवडाभर डोक्याचा भुगा. जाळी लावली तर पंधरा-वीस दिवसांत घरात हिंडूफिरू लागेन आणि नवीला पाय रोवायला वेळ मिळणार नाही. आपल्याच पट्टीची झोळी केली तर मोठी सुट्टी, म्हणजे भूमिका तिच्या पदरात टाकण्यासारखंच.

पण रोज त्याच एका ठिकाणी येऊन अडते. मला पोटातून जोर काढायचाय, आठवड्याला तीनदा, अजून निदान दहा वर्षं. आत परकी वस्तू आहे आणि ती कधीतरी टोचेल, हे डोक्यात ठेवून मी शिंकू शकणार नाही. भीती वाटली की शिंक घशात येते. दुसऱ्या एखादीला जाळीच बरी वाटेल, तिचंही बरोबर असेल. मला माझंच लावायचंय.

ठरलं. भूमिका जायची तर जाऊ दे.

२२ मे

नवऱ्याला सांगितलं. तो भाजी निवडत होता. म्हटलं, "माझं एक ऑपरेशन आहे. पोटाचं. बायकांचं असतं तसलं. तीनेक महिने काम नाही करता येणार. तुझी सोय झालीच आहे."

भाजी तशीच हातात. विचारलं फक्त, "कधी?" सांगितलं. "दुखेल का फार?" म्हटलं, थोडं दुखणारच. मग म्हणाला, "मी येतो. प्रयोग बंद ठेवतो त्या आठवड्यात."

कसलं ऑपरेशन, कशासाठी, एका शब्दाने विचारलं नाही! शेजाऱ्याने सुद्धा विचारलं असतं. रात्री भांडी घासताना काचेचा ग्लास फोडला आणि तुकडे गोळा करत बराच वेळ तिथेच बसून राहिला. ग्लासाची काळजी आहे, बायकोची नाही.

१४ जून

झालं. पोटावर आडवा काप, लघवीची नळी, आणि शिरेतून काही ना काही चालूच. नवरा खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो, घोरतो, नर्स त्याला हलवते. शिंक आली तर काय करायचं या भीतीने मी नाकाला चिमटा धरून पडलेय. हसायला आलं की उशी पोटाशी आवळायची. भेटायला फ्यूज आला आणि त्याने सांगितलं की मालकाचं काम करणाऱ्याचा टोप उंदरांनी खाल्ला. उशी फाटायचीच बाकी होती.

१८ जून

नळी काढली. आणि आता होतच नाही! इतकी वर्षं जिला अडवता येत नव्हतं तिला आता सोडता येत नाही. नळ उघडा ठेवून बसले, पाण्यात हात घातले, नर्सने धीर दिला, काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, असं होतं, सूज उतरली की सुटेल. तोवर बारीक नळी आपल्या हाताने घालून रिकामं करायला शिकवलं. आरसा घेऊन. पहिल्यांदा जमेना तेव्हा रडून घेतलं. म्हटलं, चुकलं बाई आपलं, पॅड काय वाईट होते?

दाराबाहेरून नवऱ्याने विचारलं, "काही हवंय का?" म्हटलं, जा तू. गेला नाही. दाराखालून त्याचे बूट दिसत होते.

३ जुलै

आज सकाळी आपोआप! पूर्ण! मी संडासातून ओरडले तर नवरा धावत आला, त्याला वाटलं पडले. सांगितलं तर त्याचा चेहरा असा उजळला की मला आश्चर्यच वाटलं. याला काय कळलं म्हणून एवढा आनंद?

२० जुलै

आज जे झालं ते अजून डोक्यात घोळतंय.

डॉक्टरबाईंनी हिंडायची परवानगी दिली, म्हणून प्रयोग बघायला गेले. प्रेक्षकांत बसले की लोक ओळखतात, म्हणून विंगेत उभी राहिले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कपाटाचा प्रवेश मी बाहेरून बघणार होते. नवऱ्याने मला दोरीच्या जागी उभं केलं आणि स्वतः पुढे काहीतरी बघायला गेला. म्हणाला, "तिसऱ्या शिंकेला ओढ."

मला कायम वाटायचं की दोरी ओढणाऱ्याला फटीतून रंगमंच दिसतो आणि तो टोपाकडे बघत असतो. तिथून टोप दिसतच नाही. रंगमंचही दिसत नाही. तिथून दिसते फक्त कपाटाची उघडी मागची बाजू. आत माझ्यासाठी लावलेला छोटा दिवा, आणि त्या उजेडात नवीची पाठ, मानेपासून टाचेपर्यंत. तिच्या पोटरीवर डास बसला तोसुद्धा मला दिसला. दोरी ओढणारा तिची पाठ बघून, खांदे वर गेले की ओढतो.

दोरी उजव्या हातात होती. डावा हात टेकायला भिंत शोधली तर हाताला लोखंडी खटका लागला. मेन स्विच.

तिसरी शिंक आली आणि गेली. मी ओढलंच नाही. मालक डोक्यावर टोप घेऊन तसाच उभा आणि लोक चिडीचूप. मी त्या खटक्याकडेच बघत होते. फिकट पिवळा झगा. सहावी शिंक. त्याला सगळं दिसलं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. निळा झगा, जाड अस्तर. चहा न पिणाऱ्या माणसाचा चहा. मध्यंतर. तीन शिंका. आणि फ्यूज, पांढऱ्या केसांचा माणूस, सगळ्यांदेखत शिव्या खात उभा राहिला आणि मी त्याला वर आणखी बोलले.

२१ जुलै

सकाळी नवऱ्याला विचारलं. तो बुटांना पॉलिश करत होता.

"त्या दिवशी लाइट तू घालवलेस."

ब्रश थांबला. मान डावीकडे वळायला लागली, मग अर्ध्यात परत आली. "हो."

"आणि मग बोलला का नाहीस? मी काय काय समजले माहितीये? मला वाटलं तू मला काढतोयस!"

"तू सांगितलं नाहीस. म्हणजे मला कळू नये असं तुला वाटत होतं. म्हटलं, नाही कळलं."

"सहा महिने?"

"तू दातांचं सांगून कुठे जायचीस ते मला माहीत नव्हतं. वाटलं, काही मोठं दुखणं असेल. ऑपरेशन म्हणालीस तेव्हा तर माझी बोबडीच वळली. नंतर फाइलवर वाचलं, तेव्हा जीव भांड्यात पडला." मग बूट खाली ठेवून म्हणाला, "शिंका कापल्या ते मात्र चुकलं. लोक हसेनात आणि तुझं तोंड बघवेना."

मी त्याला पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच, त्याच्या पॉलिशच्या हातांसकट, त्याला धरून रडले. गाउनला काळे डाग पडले. पडू देत.

दुपारी फ्यूजकडे गेले. क्षमा मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "चहा घेणार?" आम्ही घेतला.

२८ जुलै

नवी घरी आली. माझी तब्येत विचारली, इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम लाल झाली. "ताई, तुम्ही एवढ्या जोरात शिंकायचा तेव्हा तुमचं... म्हणजे बाळ झाल्यापासून माझं तिसऱ्या शिंकेला जरा... तुम्हाला कसं जमायचं?"

मी म्हटलं, "जमायचं नाही."

 मग मी सगळं सांगितलं, पॅडपासून आरशापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने. आकाश काही कोसळलं नाही. तिला म्हटलं, तुला ऑपरेशनची काही गरज नाही, आधी त्या व्यायामवाल्या बाईंकडे जा, आणि श्वास कोंडू नकोस. तोवर शिंका घशातून काढ, तुला मी माफ केलं.

आईला हे कुणी असं सांगितलं असतं तर?

७ सप्टेंबर

काल प्रयोग झाला. सात शिंकांचा. जाहिरातीत नवऱ्याने मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "सातही!"

झगा मी मागून घेतला. पिवळा. नवरा म्हणाला, "निळा आहे की." म्हटलं, पिवळाच.

कपाटात शिरताना पहिल्यांदाच मागे वळून बघितलं. दोरीच्या जागी नवी होती. तिने अंगठा दाखवला. मेन स्विचपाशी कोणी नव्हतं. नवरा कुठे म्हणून खुणेने विचारलं तर तिने प्रेक्षकांकडे बोट केलं.

पहिली, दुसरी, तिसरी दिली. चौथीला थिएटर हलायला लागलं. पाचवीला मला जानेवारीतली पाचवी आठवली. सहावी. थांबले. आत लक्ष दिलं. काही नाही. मग सगळा जीव बेंबीखाली गोळा केला आणि सातवी सोडली. दारं उघडली, टोप उडाला, आणि फ्यूजने माझ्यावर असा लख्ख दिवा टाकला की मला पुढचं काही दिसेना. त्या दिव्यात मी पिवळ्या झग्यात उभी, पायाच्या बोटांपर्यंत कोरडी. हशा थांबता थांबेना. त्यात तिसऱ्या रांगेकडून एका माणसाचं हुंदके दिल्यासारखं हसू वेगळं ऐकू येत होतं. पंधरा वर्षं त्याने हा प्रवेश माझ्या पाठीकडून बघितला होता.

आणि तेवढ्यात कपाटातली धूळ नाकात गेली आणि मला खरी शिंक आली. आवरायला वेळच मिळाला नाही. मालकाने दचकून दोरीला लोंबणारा टोप पुन्हा डोक्यावर घातला.

पडदा पडल्यावर नवरा आत आला, डोळे पुसत. म्हणाला, "आठवी ठेवायची का?"

म्हटलं, "नको. ती येईल तेव्हा येऊ दे."